पाणी वाळेपर्यंतचा चेहरा

आमच्या घरमालकीणबाई पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या तेव्हा भाड्याचं काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, उलटं केलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं. कॅलेंडर आमच्या कंपनीचं होतं. त्यावर कमळात बसलेली लक्ष्मी होती, आणि तिचे डोळे, आता आठवून बघतो तर, खरोखरच जरा मोठे होते.

"आता तारीख कशी बघायची?" मी विचारलं.

"तारीख बघायची तेव्हा सरळ करा. बघून झालं की परत उलटं. झोपलेल्या माणसाकडे कोणी रात्रभर टक लावून बसावं, हे काही बरं नाही."

मी तेव्हा पंचविशीतला. बोईसरच्या कारखान्यात रंग बनवायचो, म्हणजे केमिस्ट होतो. नखांत कायम कसला ना कसला रंग अडकलेला असायचा आणि डोक्यात विज्ञान. म्हातारी चक्रम आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण खोली हवेशीर होती, विहिरीचं पाणी गोड होतं आणि कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची. एवढ्या सुखापुढे एक उलटं कॅलेंडर काय जड आहे? मी राहिलो. लग्न होऊन बोईसरला बिऱ्हाड करेपर्यंत तिथेच राहिलो.

पालघरात त्यांना 'दगडवाली बाई' म्हणत. उंच, काटकुळ्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. हातात छत्री, ती पावसातही आणि उन्हातही. डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या की आधी भिंतीवरच्या हसऱ्या बाळाचं चित्र पाठमोरं करायच्या, मग नंबर लावायच्या. कंपाउंडर बिचारा त्या गेल्यावर ते सरळ करायचा. कुठल्याही चित्राकडे पाठ करून त्या कधी बसल्या नाहीत. आणि बघायचं झालं तर समोर उभ्या राहून बघत नसत, बाजूनं, मान कलती करून बघत. अनोळखी कुत्र्याजवळून आपण जसे जातो, तसं.

मला त्या 'रंगवाले' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

त्यांचं सगळं आयुष्य चेहऱ्यांत गेलं होतं. बडोद्याला कलेचा इतिहास शिकल्या, मग शिष्यवृत्ती मिळवून इटलीला गेल्या. त्या काळात मराठी घरातली मुलगी परदेशी जायची ती डॉक्टर व्हायला नाही तर नवऱ्याच्या मागे. या गेल्या जुन्या देवळांच्या फरशा बघायला. तिथे ऐन उमेदीची वर्षं त्यांनी गुडघ्यांवर रांगत काढली. पुढे मुंबईच्या कॉलेजात शिकवलं, मध्ययुगातल्या चित्रांवर आणि मूर्तींवर लेख लिहिले, परिषदांमधून भांडल्या आणि निवृत्तीला अवकाश असतानाच नोकरी सोडून पालघरला घर बांधलं. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "इथे दगड आहेत, आणि माणसं फार विचारत नाहीत."

ते घर बांधतानाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकलेली. कंत्राटदार म्हणाला, "बाई, खाली मोझॅक टाकू का? आता सगळे मोझॅकच टाकतात." बाई म्हणे इतक्या हसल्या की तो घाबरून गेला. आपल्याकडे मोझॅक म्हणजे ठिपक्यांची फरशी. बाईंच्या लेखी मोझॅक म्हणजे काचेच्या आणि दगडाच्या नखाएवढ्या तुकड्यांनी जमिनीवर, भिंतीवर, घुमटात रचलेला माणूस. "ते तुकडे सपाट बसवत नाहीत, रंगवाले. प्रत्येक जरा तिरका. कोणी दिवा घेऊन जवळून गेलं की उजेड एकेका तुकड्यावरून सरकतो, आणि भिंतीवरचा माणूस मान वळवतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो. हे करणारे लोक वेडे नव्हते. त्यांना बघणारा माणूस नको होता. बघितला जाणारा माणूस हवा होता." त्यांनी घराला शहाबादी फरशी घातली. मोझॅकवर पाय ठेवायची हिंमत आपल्यात उरलेली नाही, असं त्यांनी मला सांगितलं, आणि तेव्हा त्या हसत नव्हत्या.

याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. दुपारची वेळ होती, ओटीवर बसून त्या शेंगा सोलत होत्या. इटलीत एका जुन्या फरशीचं चित्र नोंदवायचं काम त्यांच्याकडे होतं. असली फरशी कोरडी असताना मळकट दिसते, नुसती खडी. ओला स्पंज फिरवला की रंग वर येतात. बाईंनी स्पंज फिरवला आणि एका स्त्रीचा चेहरा वर आला. जेवणाच्या सुट्टीत बाकी सगळे गेले होते. बाई तिथेच पालथ्या पडून त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"पाणी वाळायला लागलं, तसा तो जायला लागला. आधी कडा, मग केस, मग गाल. डोळे सगळ्यात शेवटी. रंगवाले, वाळताना बघायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"काय झालं मग?"

"काय व्हायचं? फरशी वाळली." आणि पुढे म्हणाल्या, "पण ती जाताना कुठे बघत होती, ते मला दिसलं. माझ्या मागे बघत होती. दाराकडे. मी मागे वळून बघायला हवं होतं, आणि मी बघितलं नाही."

एवढं सांगून त्यांनी मला शेंगदाणे दिले. मी ते खाल्ले, पण त्या रात्री मी आपण होऊन कॅलेंडर उलटं आहे ना ते तपासलं. विज्ञान गेलं खड्ड्यात.

बाईंचा दुसरा छंद म्हणजे चूक सुधारणं. कोणी काही चुकीचं वर्णन केलं की त्यांच्या अंगात काही तरी चावत असावं. आमच्या आळीतले एक सज्जन गेले, त्यांची शोकसभा होती. वक्ता रंगात आला होता. "त्यांचं ते भव्य कपाळ..." तो म्हणाला, आणि मागच्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "अरुंद. कपाळ अरुंद होतं." गेलेल्यांच्या पत्नीसुद्धा रडायच्या थांबल्या आणि हळूच मान डोलावली. दुसऱ्या एका वेळी शेजारची सायकल चोरीला गेली. हवालदारानं चोराचं वर्णन विचारलं, तर सगळ्यांनी पाहिला होता: काळा, दांडगा, लाल डोळ्यांचा. बाई म्हणाल्या, "मी त्याचा डावा कान पाहिला. पाळी चिकटलेली होती. बाकी काही पाहिलं नाही, आणि यांनीही पाहिलेलं नाही." हवालदारानं कानाचं लिहून घेतलं नाही. सायकलही मिळाली नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी मुलीचा फोटो घाबरत घाबरत त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान कलती केली. "ही फोटो काढणाऱ्याला घाबरलीय. तुम्हाला घाबरणार नाही." बायकोला मी हे पुढे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, फोटोवाला मेला अंधारात कोंडल्यासारखा उभा करून ओरडत होता. आणि मला ती अजूनपर्यंत घाबरलेली नाही, हे खरंच आहे.

तर मला बाईंची भीती वाटायची आणि माया पण वाटायची. आईला सोडून आलेल्या पोराला माया कुठेही फुटते. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचं सामान उचलून त्यांच्याबरोबर दगड बघायला जायचो.

दगड म्हणजे वीरगळ. आपल्या किनाऱ्यावर ते कुठेही सापडतात, तळ्याकाठी, शेताच्या बांधावर, कपडे धुवायच्या जागी. लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून जुन्या काळी उभे केलेले. खाली लढाई, वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, त्याच्या वर तो महादेवाची पूजा करतोय. किनाऱ्यावरच्या दगडांत लढाई होड्यांतून चालते. बाई त्यांचे ठसे घ्यायच्या. दगड ओला करायचा, त्यावर ओला कागद चढवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून खाचाखोचांत बसवायचा आणि वरून शाईची गादी अलगद टेकवत जायचं. मग काळ्यावर पांढरा माणूस उमटतो. मनोरच्या बाजूला आम्ही असा एक घेतला, केळव्याकडे आणखी. घरी त्या सगळे ठसे एका ट्रंकेत ठेवत, चेहरे खाली करून.

आयुष्यभर त्या एकच गोष्ट सिद्ध करत होत्या: मध्ययुगातल्या चित्रातला चेहरा कोणा माणसाचा नसतो, साच्याचा असतो. गणपतीच्या कारखान्यात जसे साच्यातून गणपती निघतात, तसा वीर निघायचा. कोणी मेलं तरी चेहरा तोच. "त्या दगडात कोणी नाही, रंगवाले. कोणी कधीच नव्हतं." हे म्हणताना त्यांच्या आवाजात पुस्तकातला विजय नसायचा. अंधारात कोणी तरी 'घरात कोणी नाही' असं स्वतःला समजावावं, तसा सूर असायचा. त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्याला एक न झिजलेला चेहरा हवा होता. आपल्याकडचे वीर वाऱ्यापाण्यानं इतके खाल्लेले, की साचा दाखवायचा कसा?

असा चेहरा कुठे असेल, ते बाईंना माहीत होतं. दातिवऱ्याच्या बाजूला एका लहान कोळीवाड्यात समुद्राच्या तोंडाशी एक वीरगळ उभा होता, आणि त्याला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासला जात होता. थरावर थर चढून तो दगड राहिला नव्हता, नारिंगी गोळा झाला होता. बाई तिथे कितीदा तरी जाऊन आल्या. तिथला म्हातारा तांडेल, म्हणजे पूर्वी होडीवर ज्याचा शब्द चालायचा असा माणूस, त्यांना दर वेळी एकच सांगायचा, "बाय, शेंदूर आमी काडत नाय. येल आली का वीर आपला आपून कात टाकतो. तवा ये."

बाईंनी मला विचारलं, शेंदराखाली दगड टिकतो का? मी म्हटलं, शेंदूर म्हणजे शिसं, तेलात कालवला की कवचासारखा कडक होतो; हवा लागली नाही तर टिकायला हरकत नाही. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या हातानं शिरा करून घातला.

वीरानं कात टाकल्याची बातमी आणली मथुरानं. मथुरा आमच्या दारी मासे घेऊन यायची. तिशीची, खणखणीत आवाजाची, भावात कधी न वाकणारी. मनगटभर हिरव्या बांगड्या. ती त्याच कोळीवाड्यातली. त्या दिवशी टोपली उतरवली आणि बोंबलांचं काही न बोलता म्हणाली, "बाय, वीरानं कात टाकली. पौर्निमेच्या उधानात सगला शेंदूर गलून पडला."

बाई उठून उभ्या राहिल्या. "कधी येऊ?"

"उंद्या दुपारी. मनापन बगायचा हाय." मथुरा खाली बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "माज्याचसाठी टाकली म्हनतात."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला होता. वादळ झालं. बरोबरच्या खलाशांची प्रेतं किनाऱ्याला लागली, याचं लागलं नाही, होडीही नाही. कोणी म्हणे बुडाला. कोणी म्हणे होडी वाहत वाहत पार सरहद्दीपलीकडे गेली असेल, तिकडचे लोक धरून तुरुंगात टाकतात, वर्षांनी सोडतात. अशी माणसं परत आलेली आहेत. सासू त्याचं ताट रोज वाढायची. मथुरा ना सवाष्ण ना रांडकी. आणि सातपाटीचा एक बायको मेलेला माणूस तिच्याशी पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, तयार होता, चांगला होता, मथुरालाही जायचं होतं. पण नवरा जिवंत असताना पाट कसा लागणार?

तिथे त्यांच्या वाड्यात रीत होती. वीराचा मूळचा चेहरा उघडा पडला की दर्यावरून न आलेल्या माणसाच्या बायकोला त्याच्यापुढे आणायचं. भरतीचं पाणी दगडावर ओतायचं. पाणी वाळायच्या आत तिनं बघून सांगायचं. आपला माणूस दिसला तर तो गेला, बांगड्या फोडायच्या. नाही दिसला तर तो आहे, वाट बघायची. तिनं सांगितलेलं सगळे मानतात, त्यावर दुसऱ्याचा शब्द चालत नाही. वीर कात टाकतो ती एका पिढीत एखादवेळा. मागच्या खेपेला मथुराची सासू लहान होती.

"म्हंजे आता नाय जाला त परत कवा?" मथुरा म्हणाली. "माजा जल्म त्यातच जानार."

ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "बिचारी. तिथे साचा आहे. साच्यात जो तो आपलं माणूस बघणार." आणि कागद, ब्रश, शाईची गादी पिशवीत भरू लागल्या. मी रजा टाकली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ओहोटी लागत होती. बांबूंच्या ओळींवर बोंबील वाळत घातले होते आणि एरवी त्यांच्यावर कावळे तुटून पडतात. त्या दिवशी कावळे सगळे एका माडाखाली जमिनीवर बसले होते, आणि ओरडत नव्हते. वाडा सगळा जमला होता. पुढे तांडेल, त्याच्या शेजारी मथुराची सासू, पदर दोन्ही हातांनी धरून. शेंदराचे मोठमोठे पापुद्रे वाळूत पडले होते. आतल्या बाजूनं ते काळे होते.

मी दगडाकडे पाहिलं आणि मला बाईंचं वाईट वाटलं. वापरून वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखा तो गुळगुळीत झाला होता. होडीचा आकार कळत होता, होडीत उभा माणूस कळत होता, पण त्याच्या चेहऱ्याच्या जागी तळहाताएवढं सपाट काही तरी. कवचाखाली खारं पाणी शिरलं असणार आणि आतल्या आत दगड खाल्ला असणार. ज्या मतावर मी शिरा खाल्ला होता, ते चुकलं होतं.

तांडेलानं कळशीत धरून ठेवलेलं भरतीचं पाणी दगडावर ओतलं. मथुरा पुढे झाली. आम्ही उभे होतो तिथून तिचा चेहरा दिसत होता, पण मी दगडाकडे बघत होतो. तो ओला झाला, चकाकला, बाकी काही नाही. माझ्या शेजारी बाईंनी एकदम छत्री घट्ट धरली. दर वेळी मान कलती करून बघणारी बाई समोर, सरळ उभी होती.

"नाय," मथुरा म्हणाली. "ह्यो माजा नाय."

सासूनं हंबरडा फोडला, आनंदाचा. तिनं मथुराला कवटाळलं, तोंडात साखर कोंबली, माजा पोर हाय, माजा पोर हाय म्हणत ती वाळूतच बसली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. मथुरा साखर गिळत उभी होती. दगड कडेकडेनं वाळत आला. सगळ्यांची तोंडं आता सासूकडे होती. दगडाकडे बघणाऱ्या एकट्या बाई उरल्या होत्या आणि त्या पार वाळेपर्यंत हलल्या नाहीत. पिशवी मी उघडून धरली होती. त्यांनी कागद बाहेर काढला नाही.

एस.टी.त बसल्यावर त्या म्हणाल्या, "तिनं डोळे मिटले होते."

"कोणी?"

"मथुरानं. पाणी ओतलं तेव्हापासून 'नाय' म्हणेपर्यंत. सगळे दगडाकडे बघत होते म्हणून कोणाला दिसलं नाही. तिनं पाहिलेलंच नाही."

मी म्हटलं, तसंही तिथे बघण्यासारखं काय होतं? सपाट दगड.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माणूस होता, रंगवाले. साचा नव्हे. तिशीचा असेल. भुवया मध्ये जुळलेल्या. डावा डोळा उजव्याहून जरा बारीक. हनुवटीला खळगा. असला माणूस कुठल्या साच्यातून निघत नाही. असला माणूस एकदाच होतो." त्या थांबल्या. "तोंड उघडं होतं त्याचं. काही तरी सांगत असल्यासारखं. मग पाणी वाळायला लागलं."

"उन्हाचं असेल काही तरी," मी म्हटलं. "ओल्या दगडावर प्रकाश पडला की..."

"मला तिथे कोणीच नको होतं," बाई म्हणाल्या. "माझं सगळं आयुष्य मी तिथे कोणी नाही म्हणून सांगत आले. मला हवं ते दिसलं असतं, तर सपाट दगड दिसला असता."

गाडी केळव्याच्या पुढे आल्यावर मी विचारलं, मथुराला सांगणार का? बाई म्हणाल्या, नाही. "मी बोलले की तो मेला. मी बोलले नाही तर तो कुठे तरी तुरुंगात आहे, भाकरी खातोय, दिवस मोजतोय. माणूस मारायचं काम मी करणार नाही."

नंतर बरेच दिवस मथुरा मासे घेऊन आली नाही. बाईंनी लिखाण बंद केलं होतं. ठशांची ट्रंक त्यांनी ओटीवर ओढून आणली आणि विहिरीच्या जुन्या दोरानं बांधून टाकली. घरात आरसा होता तोही त्यांनी भिंतीकडे फिरवला. मी दाढी कंपनीत करायला लागलो.

मग एका दुपारी, सुट्टी होती म्हणून मी घरी होतो, मथुरा आली. टोपली नव्हती. ती ओटीच्या पायरीवर बसली. बाई खुर्चीत, मी दाराशी.

"बाय, तू बगितलास ना?" ती म्हणाली.

"दगड होता. झिजलेला," बाई म्हणाल्या.

"माजे डोले मिटलेले व्हते."

"मला माहीत आहे."

मथुरानं मान वर केली. तिला आश्चर्य वाटलं असावं, पण ती थांबली नाही. "का मिटले, सांगते. तो मेलेला दिसावा असा मना वाटत व्हता. मना सातपाटीला जायचा हाय. मंग माज्या डोल्यांना तोच दिसनार, दगडात नसला तरी. असा कसा मी त्याला मारू? म्हनून मिटले." ती रडत नव्हती, पण एकेक शब्द ओढून काढत होती. "तुजा कोन नाय तो. तुला त्याचा काय पायजे नाय. तुला दिसला आसंल तर खराच दिसला आसंल. म्हनून इच्यारते. तू सांगशील तसा मी करीन. वाट बगायची त मरेपर्यंत बगीन."

बाईंचे हात मांडीवर होते. मला त्यांची बोटं दिसत होती. त्या ठरवून बसलेल्या माणसासारख्या एका सुरात म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही, मथुरा. तिथे कोणी नाही. वाट बघ."

मथुरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मला वाटलं, आता ती उठेल. तेवढ्यात ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "खरा हाय तुजा. तो आसता त लगेच कलला आसता. केवडी मोठी मिशी त्याची. दोनी अंगाला वर वलवलेली..."

"मिशी नव्हती," बाई म्हणाल्या.

शब्द बाहेर पडले आणि बाई जागच्या जागी गोठल्या. त्यांनी हात तोंडाकडे नेला, तो तोंडापर्यंत पोचलाच नाही. ओटीवर ऊन पसरलेलं होतं.

मथुरा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडला, जसा फार दिवसांचं ओझं उतरवल्यावर पडतो, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलं नाही.

"नव्हतीच," ती म्हणाली. "मिशी कदी ठेवलीच नाय त्यानी."

"मथुरा, मला माफ कर."

"तू काय केलंस, बाय? मी म्हातारीला सांगीन, डोले मिटलेले माजे म्हनून. बांगड्या तिच्याच म्होरं फोडीन." ती उठली. पायरीवर एक हात टेकून उभी राहिली. "मेल्याची खबर आयकली, मना आंगोलीला पानी दे."

बाईंनी स्वतः विहिरीवर जाऊन बादली भरली. मी घ्यायला गेलो तर मला हातानं बाजूला केलं. मथुरा न्हाणीत गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, त्याच ओल्या लुगड्यानं बाहेर आली आणि बाईंच्या खांद्याला एकदा हात लावून उन्हातून चालत निघून गेली.

बाई ती दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. मग त्यांनी बूट काढले, बादली पुन्हा विहिरीत सोडली, भरून आत नेली आणि न्हाणीची कडी लावली. मी ओटीवर बसून ऐकत होतो. त्या डोक्यावरून पाणी घेत होत्या.